डांबरी रस्त्यावरच्या चाकोऱ्या आणि त्यांचे संगणकीय गणित : एक आढावा

डांबरी रस्त्यावर चाकांच्या वाटेने जे लांबट खोलगट पट्टे पडतात, त्या चाकोऱ्या. बांधकाम खात्यात आणि ठेकेदारांच्या बोलण्यात त्यालाच ‘रटिंग’ म्हणतात. खड्डा एका जागी पडतो आणि लगेच ओरड होते. चाकोरी किलोमीटरभर पसरलेली असते आणि पहिल्या पावसात तिच्यात पाणी साचेपर्यंत फारसे कोणाच्या लक्षातही येत नाही. मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. तीन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवायची आणि तिच्याखालची सर्वांत मोठी फट पाहायची. राष्ट्रीय महामार्गांवर हेच काम आता लेसर बसवलेली सर्वेक्षण वाहने करतात. सरासरी २० मिमी खोली झाली की भारतीय आरेखनपद्धतीत रस्त्याचे आयुष्य संपले असे धरले जाते.

चाकोरी दोन वेगळ्या कारणांनी पडते, आणि या विषयातले बहुतेक मतभेद या दुहेरीपणातून निघाले आहेत. रस्ता थरांचा बनलेला असतो: तळाशी दाबलेली माती म्हणजे सबग्रेड, त्यावर जीएसबी हा सबबेस, मग वेट मिक्स मॅकॅडमचा बेस, त्यावर डीबीएम आणि सर्वांत वर बीसी हे डांबरी थर. तळची माती दबली तर तिच्यावरचे सगळे थर तिच्यामागे खाली जातात. चाकोरी रुंद, उथळ बशीसारखी दिसते. उन्हाने मऊ झालेले वरचे डांबरी मिश्रणच चाकाखालून बाजूला सरकले तर चाकोरी अरुंद राहते आणि तिच्या दोन्ही कडांना उंचवटा येतो. बसस्थानकाजवळ, चौकात, गतिरोधकाच्या अलीकडे, जिथे जड वाहने रेंगाळतात किंवा ब्रेक मारतात, तिथे हा दुसरा प्रकार हमखास दिसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याच्या परिसरात दोन्ही कारणे एकत्र येतात. तुळजापूर–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जातो. खाली काळी माती आणि वर उन्हाळ्यात बेचाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा, अशा मुलखात संगणकातले मॉडेल नेमके कोणत्या थराचे गणित करते, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय उरत नाही.

गणिताची पूर्वपीठिका

जमिनीवर भार ठेवला तर खोलवर किती ताण पोहोचतो, याचे सूत्र बुसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली मांडले. पण ते एकजिनसी जमिनीसाठी होते. थराथराच्या रस्त्याला लागू पडेल असे उत्तर डोनाल्ड बर्मिस्टर यांनी १९४३ साली दोन थरांसाठी आणि १९४५ साली तीन थरांसाठी काढले. ते हाताने सोडवणे जिकिरीचे होते. संगणक आल्यावर मात्र हीच समीकरणे प्रोग्रॅममध्ये बसली; शेल कंपनीच्या संशोधकांचा १९७३ चा ‘बिसार’ हा त्यातला सर्वांत गाजलेला. या सगळ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक थर स्थितिस्थापक, म्हणजे भार उचलताच पूर्ववत होणारा, मानलेला असतो.

इथेच मूळ अडचण आहे. चाकोरी म्हणजे पूर्ववत न झालेला भाग, आणि स्थितिस्थापक गणितात तो कुठेच नाही. शेलच्याच परंपरेतल्या केर्कहोवेन आणि डॉर्मन यांनी १९५३ साली त्यातून एक वाट सुचवली. सबग्रेडच्या माथ्यावर येणारी उभी विकृती मर्यादेत ठेवली तर खालची माती कायमची दबणार नाही, आणि वरच्या थरांची काळजी चांगले साहित्य व चांगली दबाई घेईल. चाकोरी थेट मोजण्याऐवजी तिचा एक निदर्शक मोजायचा, असा हा व्यवहार होता. जगभर तो टिकला, कारण त्याला लागणारी माहिती थोडी आहे.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का अमेरिकेत बसला. इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या ‘आशो’ रस्ताचाचणीत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवले गेले आणि नंतर आडवे चर खणून प्रत्येक थराची जाडी किती घटली ते मोजले. एकूण चाकोरीत डांबरी थराचा वाटा ३२ टक्के, बेसचा १४, सबबेसचा ४५ आणि सबग्रेडचा फक्त ९ टक्के निघाला. हे प्रमाण त्या हवामानाचे आणि त्या साहित्याचे. ते जसेच्या तसे मराठवाड्यात आणता येणार नाही. पण ज्या थराच्या विकृतीवर सारे आरेखन उभे होते, त्याचा वाटा सर्वांत कमी निघावा ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.

भारतीय पद्धत

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ३७’ ही मार्गदर्शिका १९७० साली आली. तेव्हा ती मातीची भार सोसण्याची ताकद मोजणारी सीबीआर चाचणी आणि दररोजच्या व्यापारी वाहनांची संख्या यांवर चालत असे. १९८४ साली वाहनांच्या संख्येऐवजी प्रमाणित आसांच्या एकूण फेऱ्या आल्या. २००१ च्या आवृत्तीत खऱ्या अर्थाने संगणक आला: आयआयटी खरगपूरचा ‘एफपेव्ह’. २०१२ साली त्याची जागा ‘आयआयटीपेव्ह’ने घेतली आणि २०१८ च्या आवृत्तीतही तोच आहे. आज महामार्गाचा प्रकल्प अहवाल या प्रोग्रॅमच्या निकालपत्राशिवाय पुढे सरकत नाही.

त्याची रीत अशी. ८० किलोन्यूटनच्या प्रमाणित आसाची एक बाजू, म्हणजे २० किलोन्यूटनची दोन चाके, एकमेकांपासून ३१० मिमीवर ठेवली जातात. टायरचा दाब ०.५६ मेगापास्कल धरला की प्रत्येक चाकाखाली साधारण १०७ मिमी त्रिज्येचे वर्तुळ तयार होते. थरांची जाडी आणि ताठरता भरली की प्रोग्रॅम सबग्रेडच्या माथ्यावरची उभी विकृती सांगतो. मग ती विकृती एका घातसूत्रात घालायची. १.४१ ला दहाच्या उणे आठव्या घाताने गुणायचे आणि विकृतीच्या व्यस्ताच्या ४.५३३७ व्या घाताने पुन्हा गुणायचे. उत्तर म्हणजे २० मिमी चाकोरी पडेपर्यंत रस्ता सोसेल अशा फेऱ्या. हे सूत्र ९० टक्के विश्वासार्हतेचे. कमी रहदारीच्या रस्त्यांसाठी चालणाऱ्या ८० टक्के विश्वासार्हतेला १.४१ च्या जागी ४.१६५६ येते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या संशोधन योजनेत देशातल्या रस्त्यांवर गोळा केलेल्या मोजमापांतून हे आकडे बसवलेले आहेत.

३० एमएसए, म्हणजे प्रमाणित आसाच्या ३ कोटी फेऱ्यांसाठी, ९० टक्क्यांच्या सूत्राने विकृतीची मर्यादा सुमारे ४१६ मायक्रोस्ट्रेन येते आणि ८० टक्क्यांच्या सूत्राने सुमारे ५२८. घात साडेचारहून मोठा असल्याने छोट्या चुकीचा परिणाम मोठा होतो. विकृती अंदाजापेक्षा १० टक्क्यांनी जास्त निघाली तर आयुष्य सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. मातीची ताठरता मात्र प्रत्यक्ष मोजण्याऐवजी बहुधा सीबीआरवरून काढली जाते: ५ पर्यंतच्या सीबीआरला दहाने गुणायचे, त्यापुढे १७.६ गुणिले सीबीआरचा ०.६४ वा घात. काळ्या मातीचा भिजवलेला सीबीआर २ आला तर ताठरता २० मेगापास्कल. म्हणूनच मार्गदर्शिका दिवसाला ४५० हून जास्त व्यापारी वाहने असलेल्या रस्त्यांना किमान ५ चा परिणामी सीबीआर मागते, आणि तो मिळवण्यासाठी काळ्या मातीवर निवडक मुरमाचा ५०० मिमीचा थर दाबून बसवावा लागतो.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ती फुकट उपलब्ध आहे, उपअभियंत्याला एका दुपारी वापरता येते, आणि तिचे आकडे निदान भारतीय रस्त्यांवरून आलेले आहेत. परदेशी मॉडेलांना हे शेवटचे श्रेय नाही. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: वरच्या डांबरी थराची स्वतःची चाकोरी या सूत्रात नाही. तिचा बंदोबस्त साहित्याच्या निवडीवर सोपवला आहे. जड रहदारीला व्हीजी ४० प्रतीचे किंवा सुधारित डांबर, मिश्रणातल्या पोकळीचे प्रमाण, खडीची प्रतवारी असे नियम त्यासाठी आहेत. व्हीजी ३० डांबराच्या मिश्रणाची ताठरता ३५ अंशांना २००० आणि व्हीजी ४० ची ३००० मेगापास्कल धरतात. पण हा आकडा विकृतीच्या गणितात जातो, डांबर किती सरकेल याच्या गणितात नाही.

वरच्या थराचे मॉडेल

डांबरी थराची कायमची विकृती थेट मोजण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न अमेरिकेच्या २००४ च्या ‘मेकॅनिस्टिक-एम्पिरिकल’ मार्गदर्शिकेत झाला. तिच्यावर आधारलेला प्रोग्रॅम पुढे तिथल्या अनेक राज्यांनी स्वीकारला. त्यात डांबरी थराचे पातळ उपथर करतात आणि प्रत्येकात कायमची विकृती किती साठेल हे तापमान आणि फेऱ्यांवरून काढतात. देशपातळीवर बसवलेल्या सूत्रात फेऱ्यांचा घात ०.४७९१ आहे आणि फॅरनहाइटमधल्या तापमानाचा १.५६०६. फेऱ्या दुप्पट झाल्या तर चाकोरी ३९ टक्क्यांनी वाढते. थराचे तापमान ४० वरून ६० अंश सेल्सिअस झाले तर तापमानाच्या घातामुळेच सुमारे ५९ टक्के वाढ होते, आणि मिश्रण मऊ पडल्याने मूळची स्थितिस्थापक विकृतीही वाढलेली असते, तिची भर वेगळी. खालच्या खडी-मातीच्या थरांसाठी वेगळी सूत्रे आहेत. सगळ्या थरांची बेरीज म्हणजे पृष्ठभागावरची चाकोरी.

१९७० च्या दशकातल्या ‘वेसिस’ प्रोग्रॅमची ही सुधारलेली पिढी म्हणता येईल. तिचे बळ म्हणजे १९८७ पासून अमेरिका आणि कॅनडात चालू असलेल्या दीर्घकालीन निरीक्षणाची माहिती. दुबळेपणाही तिथेच. सूत्राला जोडलेले स्थिरांक प्रत्येक प्रदेशात पुन्हा बसवावे लागतात, आणि न बसवता वापरले तर अंदाज बराच हुकतो, हे अमेरिकेतल्या राज्यांनीही अनुभवले आहे. शिवाय प्रयोगशाळेत चाकोरीचे तीन टप्पे दिसतात: आधी जोरात वाढ, मग संथ, आणि शेवटी मिश्रण एकदम ढासळते. वरचे घातसूत्र पहिल्या दोन टप्प्यांचे आहे. ढासळण्याची सुरुवात ते सांगत नाही.

देखभालीचे नियोजन करणारे ‘एचडीएम-४’ हे तिसऱ्या घराण्याचे मॉडेल. ते चाकोरीचे चार भाग करते: सुरुवातीची दबाई, थरांची विकृती, डांबराचे वाहणे आणि बर्फाळ देशांत खिळेदार टायरची झीज. भारतात चौथा भाग शून्य.

फायनाइट एलिमेंट आणि त्यापलीकडे

बर्मिस्टरच्या वाटेने जाणाऱ्या मॉडेलांत चाक स्थिर असते, दाब गोल आणि एकसारखा असतो, थर अमर्याद पसरलेले असतात. फायनाइट एलिमेंट पद्धतीत रस्त्याचे हजारो तुकडे करून ही बंधने सोडता येतात. रस्त्यांसाठी तिचा वापर १९६८ साली डंकन, मोनिस्मिथ आणि विल्सन यांनी केला. आज ‘अबॅकस’सारख्या प्रोग्रॅममध्ये धावते चाक, टायरच्या नक्षीचा असमान दाब, कडेचा बांध, हे सारे दाखवता येते. टायरच्या कडेखाली वरच्या काही सेंटिमीटरमध्ये जो कर्तन ताण येतो, तो याच पद्धतीत नीट दिसतो. ट्रकच्या टायरमध्ये प्रत्यक्षात हवा ०.५६ मेगापास्कलपेक्षा जास्त भरलेली असते, हे लक्षात घेतले तर या ताणाचे महत्त्व वाढते.

खरा वाद डांबराचा स्वभाव कोणत्या समीकरणाने मांडायचा याचा आहे. काहींना काळाच्या घातावर चालणारे साधे ‘क्रीप’ सूत्र पुरते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ‘पांडा’ प्रकल्पात शॅपेरी यांचे अरेषीय श्यान-स्थितिस्थापक समीकरण, पर्झिना धर्तीची श्यान-प्लास्टिक विकृती आणि साठत जाणारी हानी अशा तिन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या गेल्या. जे. मुरली कृष्णन आणि के. आर. राजगोपाल यांनी २००३ साली डांबराच्या वापराचा आणि मॉडेलिंगचा प्राचीन काळापासूनचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा भर डांबराला सुट्या चाचण्यांच्या आकड्यांत न बांधता ऊष्मागतिकीच्या चौकटीत बसवण्यावर होता. मुरली कृष्णन यांचे त्यापुढचे काम आयआयटी मद्रासमध्ये चालले आहे. आणखी एक पंथ खडीचा दाणा न् दाणा वेगळा धरून त्यांचे एकमेकांवरचे घर्षण मोजतो. कुंडल आणि स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या मांडणीवर तो उभा आहे. प्रयोगशाळेतल्या एका नमुन्यासाठी तो फार बोलका आहे. किलोमीटरभर रस्त्यासाठी आजचे संगणकही त्याला पुरत नाहीत.

सूक्ष्म मॉडेलांविरुद्धचा व्यावहारिक आक्षेप असा की त्यांना दहा-पंधरा स्थिरांक लागतात आणि ते काढायला तीन अक्षांवर दाब देणारी यंत्रणा लागते. समर्थक म्हणतात, स्थिरांक एकदा मिळाले की तापमान, वेग आणि भार बदलला तरी मॉडेल पुन्हा बसवावे लागत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तालुक्याच्या कामात मात्र आज तरी पहिल्या बाजूचे पारडे जड आहे.

गेल्या काही वर्षांत यंत्र-शिक्षणाची लाट इथेही आली आहे. न्यूरल नेटवर्कला वाहतूक, हवामान आणि जाडीचे आकडे दिले की ते चाकोरीचा अंदाज देते, आणि ज्या माहितीवर शिकले तिच्यावर तो अचूकही असतो. ज्या प्रदेशाची माहितीच गोळा झालेली नाही तिथे त्याला शिकायला काही नसते.

लोहा परिसरात मॉडेल लावायचे तर

आधी उष्णता. अमेरिकेच्या ‘सुपरपेव्ह’ पद्धतीत हवेच्या तापमानावरून आणि अक्षांशावरून रस्त्याच्या पृष्ठभागाखाली २० मिमीवरचे तापमान काढण्याचे सूत्र आहे. लोह्याचा अक्षांश सुमारे १९ अंश. हवा ४२ अंश धरली तर डांबराचे तापमान सुमारे ६४ ते ६५ अंश येते. ‘आयआयटीपेव्ह’मध्ये ताठरता बहुधा ३५ अंशांची भरली जाते. वर्षभराच्या सरासरी थकव्यासाठी ते ठीक. एप्रिल-मेच्या दुपारी डांबर सरकते तेव्हा ते ज्या अवस्थेत असते ती या आकड्यात येत नाही. भारतीय मानक २००६ पासून डांबराची प्रत ६० अंशांवरच्या व्हिस्कोसिटीवर ठरवते; व्हीजी ३० ला किमान २४०० आणि व्हीजी ४० ला ३२०० पॉइज लागते. सुधारित डांबरासाठी २०१९ च्या मानकात एमएससीआर चाचणी आली. तिच्यात एक सेकंद भार, नऊ सेकंद विश्रांती अशी आवर्तने देऊन कायमची राहिलेली विकृती मोजतात. चाकोरीशी या चाचणीचा संबंध व्हिस्कोसिटीपेक्षा जवळचा आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

मग भार. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. चौथ्या घाताच्या नियमाने अशा एका आसाची हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. लातूर-नांदेडकडे त्यात उसाची भर पडते. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या चढावर अगदी सावकाश चालतात; भार जितका वेळ टेकलेला, तितके डांबर जास्त वाहते. गाळप हंगाम मुख्यतः थंडीत असतो, ही त्यातली सोय. मार्च-एप्रिलपर्यंत लांबलेल्या हंगामात ती उरत नाही. महिनावार तापमान आणि महिनावार रहदारी एकत्र धरणारे मॉडेल हा फरक दाखवते. वर्षाची एकच बेरीज घेणारे दाखवू शकत नाही. वाहनगणनेच्या नियमात म्हणूनच वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या आणि एकदा मंदीच्या काळात, सलग सात दिवस मोजणी सांगितली आहे. तरीही मोजणी नेमकी लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आली तर आकडे वेगळेच निघतील.

शेवटी माती, आणि इथे प्रचलित मॉडेलांची सर्वांत मोठी उणीव आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. रस्त्याच्या कडेला ओल जास्त आत-बाहेर होते, मध्यभागी कमी. त्यामुळे चाकाचा काही संबंध नसतानाही कडेची बाजू खचते आणि सरळ पट्टीखाली तीच फट चाकोरी म्हणून मोजली जाते. चार दिवस भिजवलेला सीबीआर हा सर्वांत वाईट अवस्थेचा एक आकडा आहे. फुगण्या-आक्रसण्याचे चक्र त्यात नाही. पाण्याचा जमिनीतला प्रवास आणि भार एकत्र सोडवणारी फायनाइट एलिमेंट मॉडेले आहेत, पण ती आरेखनाच्या रोजच्या व्यवहारात उतरलेली नाहीत.

काय सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न वाट्याचा: दिसणाऱ्या चाकोरीत कोणता थर किती जबाबदार. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या थॉमस व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली आडव्या छेदाच्या आकारावरून, फायनाइट एलिमेंटच्या आधाराने, जबाबदार थर ओळखण्याची रीत दिली. लेसर वाहनांमुळे असा छेद भारतातही मिळू लागला आहे. काळ्या मातीच्या हालचालीने बिघडलेल्या छेदावर ही रीत किती चालेल, ते तपासायचे आहे.

दुसरा प्रश्न, भारतीय मार्गदर्शिकेने डांबरी थरासाठी स्वतंत्र सूत्र स्वीकारावे की साहित्याचे नियम कडक करून थांबावे. सूत्राच्या बाजूचे म्हणतात की जाडी, उष्णता आणि वेग यांचा परिणाम नियमात मावत नाही. विरोधकांचा मुद्दा असा की मोजमापांचा आधार नसलेले सूत्र अचूकतेचा नुसता आभास देईल. उपलब्ध पुरावा पाहता विरोधकांची सावधगिरी रास्त वाटते. मात्र मोजमापे घ्यायला सुरुवात न करण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

तिसरा प्रयोगशाळा आणि रस्ता यांच्या नात्याचा. हॅम्बर्ग चाचणीत पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावरून पोलादी चाक २० हजार वेळा फिरते आणि दोन मिश्रणांतले चांगले कोणते ते कळते. पाच वर्षांनी रस्त्यावर किती मिमी चाकोरी असेल, हे त्यावरून ठरवण्याचा सर्वमान्य मार्ग नाही.

या तिन्ही प्रश्नांना लागणारी माहिती महागडी नाही. नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या स्थानिक महाविद्यालयाला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला ती मिळून गोळा करता येईल: काही ठरलेल्या ठिकाणी वर्षातून दोनदा आडवा छेद, थरातले तापमान, मातीतली ओल, आणि चाकोरी वाढल्यावर एक चर. चरात प्रत्येक थराची जाडी चाकाच्या वाटेत आणि दोन वाटांमधल्या पट्ट्यात, अशी दोन्हीकडे मोजावी लागते. ही नोंद दुरुस्तीचा नवा थर पडण्याआधीच घ्यायला हवी. वर कार्पेट अंथरल्यावर जुनी चाकोरी पृष्ठभागावरून मोजता येत नाही.